दहाच्या जागी वीस: टेल लाइटच्या एका फ्यूजचं प्रकरण

भुसावळला आमच्या वायरिंगच्या दुकानात ही गाडी आली तेव्हा तिच्यातलं काहीच बंद नव्हतं. हेडलाइट, टेल लाइट, ब्रेक लाइट, मीटरची लाइट, सगळं चालू. दहा-बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, इंजिन ठणठणीत. मालक यावल तालुक्यातले केळी बागायतदार. वयाने मोठे, सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही तेच म्हणतो. सोबत त्यांचा कॉलेजात जाणारा पुतण्या होता. तक्रार एकच: आदल्या संध्याकाळी फैजपूरहून घरी येताना गाडीच्या मागच्या बाजूने जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. घरी पोचून दिवे बंद केले, वास गेला.

वासाची तक्रार मला आवडत नाही. बंद पडलेली वस्तू शोधता येते. चालू असलेल्या गाडीत वास कुठून आला हे शोधायचं म्हणजे आधी माणसांनाच विचारावं लागतं. म्हणून बॉनेट उघडण्याआधी दोघांना बसवलं, चहा मागवला आणि या गाडीच्या दिव्यांचा इतिहास विचारला. तो बराच निघाला.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण झाल्यावर नाना मुलीला सासरी सोडायला अमळनेरला गेले होते. चोपड्यावरून तापी ओलांडून पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. व्याह्यांच्या दारात गाडी लावली, बॅगा उतरवल्या, चहापाणी झालं. निघताना पाहतात तर मीटर अंधारात. हेडलाइट लागत होते, पण मागचे लाल दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डवरचा उजेड, सगळं एकदम गेलेलं. तिथल्या एका गॅरेजच्या पोराने पाहिलं. "फ्यूज उडेल शे, बाकी काही नही," म्हणाला, दहा अँपिअरचा लाल फ्यूज टाकला, दिवे आले.

पुढे लग्नसराईत रावेरहून परतताना तेच. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर मागून येणाऱ्या केळीच्या ट्रकवाल्याने हॉर्न देऊन गाडी थांबवली आणि मागे दिवा नाही म्हणून खडसावलं. पुतण्याने दुसऱ्या दिवशी नवा लाल फ्यूज टाकला. तोही एका रात्री गेला. मग स्पेअर पार्टच्या दुकानात कुणीतरी सल्ला दिला की दहाचा हलका पडतो, वीसचा टाक. पुतण्याने पिवळा वीसचा टाकला. त्यानंतर फ्यूज उडाला नाही. घरात सगळ्यांनी मानलं की प्रश्न मिटला. थेट वास येईपर्यंत.

कारणं प्रत्येकाकडे तयार होती. नानांचं म्हणणं, "मले त वाटलं उन्हानंच उडला." भुसावळ-यावलकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा टायर फुटण्यापासून बॅटरी बसण्यापर्यंत सगळ्याचं खापर उन्हावर फुटतं, आणि निम्म्या वेळा ते बरोबरही असतं. पुतण्याचा संशय एलईडी पट्टीवर होता. लग्नसराईआधी त्याने डिकीच्या खाली एक लाल पट्टी बसवून घेतली होती आणि तिची तार टेल लाइटच्या तारेला गुंडाळून जोडली होती.

उन्हाचं आधी बघू. या गाडीत पुढचे दोन छोटे पार्किंग बल्ब, मागचे दोन आणि नंबर प्लेटचा एक एकाच फ्यूजवर आहेत. प्रत्येकी ५ वॉट. मीटर आणि बटणांचा उजेड धरून सगळे मिळून ३० वॉटच्या आसपास. बारा व्होल्टने भागलं की अडीच अँपिअर. म्हणजे दहाच्या फ्यूजवर पाव भार. गरम हवेत फ्यूज किंचित लवकर वितळतो हे खरं, म्हणूनच कायमचा भार फ्यूजच्या आकड्याच्या पाऊणपटीच्या आत ठेवतात. पण पाव भारावरचा फ्यूज भुसावळच्या उन्हाने उडत नाही. एलईडी पट्टी फार तर अर्धा अँपिअर वाढवील. दहाचा फ्यूज इथे हलका मुळीच नव्हता. तीन लाल फ्यूज गेले म्हणजे तिन्ही वेळा कुठेतरी दहाच्या कितीतरी पट करंट वाहिला होता, आणि तो बल्बांमधून गेलेला नव्हता.

आता वीसचा फ्यूज का टिकला ते. फ्यूजवर १० लिहिलंय म्हणजे साडेदहाला तो तुटतो असं नाही. ब्लेड फ्यूज आपल्या आकड्याच्या दहा टक्के वर तासन् तास तग धरतो. पस्तीस टक्के वर गेला तर वितळायला दहा मिनिटंही घेऊ शकतो. दुप्पट करंट झाला की पाच सेकंदांच्या आत जातो. त्यापुढे जितका करंट जास्त तितका झटपट. म्हणजे तार बॉडीला क्षणभर चाटून सुटली तर त्या झटक्यात दहाचा जातो आणि वीसचा वाचतो. आणि तार अर्धवट, वाईट टेकली, सोळा-सतरा अँपिअर वाहू लागले, तर दहाचा थोड्याच वेळात तुटतो पण वीसच्या फ्यूजला त्यात काही वावगं दिसतच नाही. तो तासभर तसाच बसून राहतो. इकडे टेल लाइटची तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची. ती तापते. फ्यूज बल्बच्या रक्षणाला नसतो, तारेच्या रक्षणाला असतो. वीसचा टाकल्यावर या गाडीत फ्यूजचं काम तारच करू लागली होती. तोच वास.

मेलेला फ्यूज कुणी जपून ठेवत नाही. या गाडीत मात्र गिअरजवळच्या खणात सुट्या पैशांसोबत एक लाल फ्यूज पडलेला सापडला. तो हातात आला की निम्मं काम होतं. फ्यूजच्या पारदर्शक अंगातून आतली पट्टी दिसते. भार हळूहळू वाढून फ्यूज गेला असेल तर पट्टी मधोमध वितळून स्वच्छ फट दिसते, आतून काळं झालेलं नसतं. मोटर जड फिरते तेव्हा असं होतं. शॉर्टने, म्हणजे करंटची तार बॉडीच्या लोखंडाला टेकून गेला असेल तर पट्टीचा बराच भाग गायब असतो आणि आतल्या भिंतीवर काळा-चंदेरी थर उडालेला असतो. तिसरा प्रकार म्हणजे पट्टी शाबूत, पण पायाजवळचं प्लॅस्टिक वितळलेलं. तिथे दोष फ्यूजमध्ये नसून खाचेतल्या ढिल्या पकडीत असतो. नानांचा लाल फ्यूज आतून काळा होता. शॉर्ट. ऊन, पट्टी, हलका फ्यूज, सगळ्या चर्चेला तिथेच पूर्णविराम.

मग फ्यूज बॉक्स. या गाडीत दोन आहेत, बहुतेक गाड्यांत असतातच: एक इंजिनजवळ बॅटरीच्या शेजारी, दुसरा डॅशबोर्डखाली ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्याशी. कुठला फ्यूज कशाचा हे झाकणाच्या आतल्या बाजूला इंग्रजी आद्याक्षरांत आणि गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. झाकण हरवलेलं असेल आणि पुस्तकही नसेल तर सगळे फ्यूज एकेक उपटून बघायची सवय आहे लोकांना. ते करू नये. फ्यूज न काढताही तपासता येतो. त्याच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. किल्ली आणि संबंधित दिवा चालू ठेवायचा, टेस्ट लॅम्पचा, म्हणजे टोकदार तपासणी दिव्याच्या तारेचा चिमटा बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावायचा आणि टोक दोन्ही ठिपक्यांना टेकवायचं. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज ठीक. एकीकडेच पेटला तर उडालेला. कुठेच पेटला नाही तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाही, तेव्हा स्विच किंवा त्याच्या आधीची वाट बघावी लागते. आधी चिमटा नीट लागलाय का ते पाहायचं, रंगावर लावला तर सगळेच फ्यूज मेलेले दिसतात.

नानांच्या गाडीत दहा लिहिलेल्या खाचेत पिवळा बसला होता. हे रंग ठरलेले आहेत, गाडी कुठल्याही कंपनीची असो: ५ फिकट तपकिरी, साडेसात तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा, ३० हिरवा. खाचेवरचा किंवा झाकणावरचा आकडा आणि आतल्या फ्यूजचा रंग जुळतो का, एवढंच सेकंडहँड गाडी घेताना पाच मिनिटं पाहिलं तरी आधीच्या मालकाने काय काय करून ठेवलंय ते कळतं. एका गाडीत मी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूजही काढलेला आहे.

दिवे बंद, किल्ली बंद, चिमट्याने पिवळा काढला. पायाजवळ प्लॅस्टिक किंचित तपकिरी झालं होतं, खाच मात्र घट्ट होती.

शॉर्ट शोधायला नवे फ्यूज जाळत बसण्यात अर्थ नाही. आमच्याकडे एक जुनी युक्ती आहे: फ्यूजच्या खाचेत दोन तारा घालून मध्ये हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब जोडायचा. करंट आता या बल्बमधूनच जाणार, आणि बल्ब साडेचार-पाच अँपिअरच्या वर जाऊच देत नाही. त्यामुळे शॉर्ट कितीही वेळ राहिला तरी तार जळत नाही. सर्किट निरोगी असेल तर हा बल्ब मंद, लालसर जळतो आणि गाडीचे दिवेही थोडे मंद लागतात. शॉर्ट झाला की गाडीचे दिवे विझतात आणि बल्ब भक्कन पेटतो. तो बल्ब समोरच्या काचेजवळ, गाडीच्या मागूनही दिसेल असा टांगायचा आणि मग निवांत गाडीभर तारा हलवत फिरायचं.

पार्किंग लाइट लावली. बल्ब मंद. पुतण्याच्या समाधानासाठी आधी एलईडी पट्टी सोडवली. बल्ब मंदच. मागच्या दोन्ही दिव्यांचे होल्डर काढून पाहिले, एकात थोडा गंज होता, तो साफ केला. बल्ब मंदच. गालिचाखालची वायरिंग दाबून, हलवून झाली. काही नाही. चालू गाडीत शॉर्ट शोधणं हे असं असतं. दोष त्या वेळी हजर नसतो.

इथे नानांची हकिकत पुन्हा कामाला आली. अमळनेरला फ्यूज गेला तो बॅगा उतरवल्यावर. रावेरहून येताना? पुतण्याला आठवलं, निघताना लग्नघरून दिलेलं सामान डिकीत ठेवलं होतं, गाडी चालू होती, दिवे लागलेले होते. आणि आदल्या संध्याकाळी? मृगबागेसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीसाठी, ठिबकच्या नळ्यांची दोन बंडलं फैजपूरहून आणली होती. ती डिकीत मावेनात, म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधली होती. सगळा रस्ता तशीच.

दिवसा डिकी शंभरदा उघडली असेल, पण दिवसा पार्किंग लाइट बंद असते, त्या तारेत करंटच नसतो. म्हणून फ्यूज नेहमी रात्रीच जायचा आणि कुणाला डिकी आठवायची नाही.

मी डिकीचं कुलूप उघडलं आणि दरवाजा सावकाश वर उचलला. कमरेच्या उंचीला आला तेव्हा पुढे टांगलेला बल्ब लखकन पेटला. थोडं वर नेलं, पुन्हा मंद. खाली आणलं, पुन्हा लख्ख. पुतण्या पुढे उभा राहून ओरडत होता, "लागला, गेला, लागला." नाना काही बोलले नाहीत, पण उन्हाचा विषय पुन्हा निघाला नाही.

हॅचबॅकच्या मागच्या दरवाज्यात वरच्या बिजागरापाशी एक रबरी नळी असते. छताकडून येणाऱ्या तारा तिच्यातून दरवाज्यात उतरतात: नंबर प्लेटचा दिवा, वरचा ब्रेक लाइट, मागचा वायपर, काचेवरचं धुकं घालवणारा डीफॉगर, कुलूप. टेल लाइट या गाडीत बॉडीवर आहेत, दरवाज्यावर नाहीत. पार्किंगच्या फ्यूजची एकच तार त्या नळीतून जाते, नंबर प्लेटची. खात्रीसाठी छताच्या अस्तराआडचा कपलर, म्हणजे तारांचा सुटा होणारा जोड, सोडवला. आता दरवाजा कितीही वरखाली केला तरी बल्ब मंदच राहिला. दोष कपलरच्या पुढे, नळीत किंवा दरवाज्यात.

नळीची दोन्ही टोकं सोडवून मागे सरकवली. दरवाजा उघडताना ज्या जागी तारा रोज दुमडतात तिथे नळीला भेग होती आणि आत नंबर प्लेटच्या तारेचं इन्सुलेशन तुटून तांबं उघडं पडलं होतं. काही धागे तुटलेले, एक बाहेर आलेला, भेगेतून बिजागराच्या लोखंडाला टेकणारा. टेकलेल्या जागी काळा डाग. दरवाजा पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडा असताना धागा लोखंडापासून दूर राहायचा, मधल्या उंचीला टेकायचा. डिकी उघडताना तो क्षणभर चाटून जाई, तेवढ्यात दहाचा फ्यूज जाई. नळ्यांची बंडलं घेऊन आले त्या दिवशी दरवाजा नेमका मधल्या उंचीवर बांधलेला होता. धागा टेकूनच राहिला आणि वीसचा फ्यूज शांतपणे करंट देत राहिला. शेजारच्या दोन तारांचं इन्सुलेशनही त्या उष्णतेने मऊ होऊन चिकटलं होतं.

उन्हाचा हात इथे थोडासा आहे, नानांना तेवढं श्रेय द्यायला हवं. वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत ही नळी आणि तारांचं आवरण कडक होतं, लवचिकपणा जातो आणि दुमडीच्या जागी तडकतं. पण ते दहा वर्षांचं काम आहे, एका मे महिन्याचं नाही.

दुरुस्तीत एक गोष्ट महत्त्वाची. तुटलेल्या जागीच जोड देऊन वर काळी टेप गुंडाळली की गाडी त्या दिवशी घरी जाते आणि काही महिन्यांनी परत येते. जोड डागून दिला की तिथली तार कडक होते, आणि दुमडीत कडक जागा आली की तिच्या शेजारीच तार पुन्हा तुटते. काळ्या टेपचा गोंद आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाघळून तारांवर चिकट लगदा होतो, तो वेगळाच. म्हणून नळीतल्या खराब तारांचा पूर्ण तुकडा काढला, त्या जागी त्याच जाडीच्या, बारीक धाग्यांच्या लवचिक तारा घातल्या आणि जोड नळीच्या बाहेर, एक बाजू छताच्या अस्तरात आणि दुसरी दरवाज्याच्या आत घेतली, जिथे काही हलत नाही. जोड एकाच ओळीत न ठेवता पुढेमागे दिले, प्रत्येकावर गरम केल्यावर आवळून बसणारी हीट श्रिंक स्लीव्ह, वरून कापडी टेप. नळी नवी. डीफॉगरच्या जाड तारेलाही तडा दिसला, ती त्याच वेळी बदलली. तिचा फ्यूज मोठा आहे, ती बॉडीला लागली असती तर प्रकार याहून वाईट झाला असता.

वीसच्या फ्यूजखाली तार तापली होती म्हणून छतापासून डॅशबोर्डपर्यंत वायरिंग जागोजागी हाताने दाबून पाहिली. कुठे कडक किंवा चिकट लागली नाही. मग खाचेत फ्यूजऐवजी मल्टिमीटर दहा अँपिअरच्या मापावर लावला, दिवे पेटवले: अडीचच्या थोडं वर. दरवाजा वीसेक वेळा वरखाली केला, आकडा हलला नाही. लाल फ्यूज बसवला.

फ्यूज कुठला घ्यावा यावर दोन शब्द. सुट्या पिशवीत, बिनानावाचे, रुपया-दोन रुपयांना मिळणारे फ्यूज मी वापरत नाही. त्यातले काही आकड्यापेक्षा बरंच जास्त सहन करतात, म्हणजे वर १० लिहिलेलं आणि वागणं वीसचं. नावाजलेल्या कंपनीचा फ्यूजही वडापावाहून महाग नसतो.

रात्री रस्त्यातच टेल लाइट गेली तर काय, हे पुतण्याने विचारलं. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, दिवे आणि किल्ली बंद. फ्यूज बॉक्सच्या झाकणात बहुधा जादा फ्यूज आणि छोटा चिमटा असतो. नसेल तर त्या रात्री न लागणाऱ्या गोष्टीचा, म्हणजे रेडिओ वगैरेचा, त्याच आकड्याचा फ्यूज काढून वापरायचा. आकडा कमी चालेल, जास्त नाही. दिवा लावल्याबरोबर तोही गेला तर तिसरा टाकायचा नाही. ब्रेक लाइट आणि इंडिकेटर वेगळ्या फ्यूजवर असतात, ते चालू राहतात, त्यांच्या भरवशावर हळू जवळच्या पंपापर्यंत किंवा ढाब्यापर्यंत जायचं, पुढे नाही. मोटार वाहन नियमांनुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, आणि केळीच्या भरल्या ट्रकला ब्रेक लागायला किती अंतर लागतं हे त्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. इंजिनजवळच्या बॉक्समधले स्क्रूने आवळलेले मोठे फ्यूज मात्र घरी काढायचे नाहीत, एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला हात लावायचा नाही.

जाताना पुतण्याला एलईडी पट्टी परत हवी होती. नाना कुरकुरले, मग हो म्हणाले. टेल लाइटच्या तारेला न जोडता तिला वेगळी वाट काढून दिली, स्वतःचं बटण आणि स्वतःचा तीन अँपिअरचा जांभळा फ्यूज.